अंपायरचं अपील

गोवर्धन मैदानाच्या फाटकातून आत शिरला, तेवढ्यात माइकवरून आवाज घुमला. "आले, आले! अमरावतीचे अपील गोवर्धन आले! टाळ्या वाजवा ना राजेहो!"

टाळ्या वाजल्या, लोक हसले. गोवर्धननेही हात वर करून हसल्यासारखं केलं. छत्तीस वर्षं तो असंच हसल्यासारखं करत आला होता. मनातून मात्र त्याला वाटलं, कुलदीपच्या हातातला तो माइक ओढावा आणि नेऊन मोर्णा नदीत टाकावा. कुलदीप लीगचा सेक्रेटरी, चाळिशीचा गडी. ज्या मॅचवरून तो गोवर्धनची टर उडवायचा, ती झाली तेव्हा हा चार वर्षांचा होता. पण सांगायचा असं, की जणू स्वतः स्लिपमध्ये उभा राहून बघत होता.

आज निमित्तही तसंच होतं. अमरावती, अकोला, धामणगाव रेल्वे आणि आसपासची चार-दोन गावं, इथल्या हौशी क्लबांची ही लीग पन्नासेक वर्षं काथ्याच्या मॅटवर खेळली गेली. सकाळी मॅट पसरायची, ताणायची, कडेने वीतभर लांबीचे खिळे ठोकायचे. संध्याकाळी खिळे उपटून ती गुंडाळायची. आता अकोल्याच्या या मैदानावर गवताची खरीखुरी खेळपट्टी तयार झाली होती आणि पुढच्या मोसमापासून मॅटची गरज उरणार नव्हती. म्हणून मॅटवरची शेवटची मॅच ठेवली होती, तीही म्हाताऱ्यांची. अमरावतीचा नवयुवक क्लब विरुद्ध अकोल्याचा मोर्णा क्लब. दहा-दहा ओव्हर, वय साठच्या पुढे, आणि कुणी रनर मागितला तर त्याला हसायचं नाही, असा नियम.

गोवर्धन बासष्टचा होता आणि त्याचे गुडघे ऐंशीचे. अमरावतीत अंबादेवीच्या रस्त्यावर त्याचं फुलांचं दुकान. घरचा मळा, घरची फुलं, हारही घरच्यांनीच गुंफलेले. सकाळी निघताना त्याची बायको पार्बताबाई म्हणाली होती, "कायले जाता जी तिकडं? थे लोकं तुमाले पाहून खिदळतेत, अन् तुमी आठ-आठ दिवस तोंड पाडून बसता."

तो पिशवी भरत राहिला. तिनेही पुढे ताणलं नाही, डबा भरून दिला. तिला ठाऊक होतं की तो मॅचसाठी चाललेला नाही. जानराव येणार होता.

जानराव म्हणजे कोण, हे आजच्या पोरांना सांगून कळायचं नाही. एका सायकलवर दोघं नेटला जायचे, जाताना गोवर्धनने पायडल मारायचं, येताना जानरावने. क्लबात पॅडचा एकच धड जोड होता, तो सलामीचे दोघं एकेक वाटून घ्यायचे. एक पाय झाकलेला, एक उघडा. ते सलामीचे दोघं म्हणजे हेच. धामणगावला मॅच असली की पॅसेंजरने जायचं, पोत्यात भरलेल्या स्टंप-बॅटवर बसायचं, आणि गिला वडा खाताना कुणी जास्तीची कढी घेतली यावरून स्टेशन येईपर्यंत भांडायचं. जानराव खेळायला लागला की धामणगावचे व्यापारी वखारी सोडून मैदानाच्या कडेला येऊन उभे राहत. त्याचा कट मारायचा असा काही झोक होता की बॉल गेल्यावर लोकांना कळे की बॅट फिरली. गोवर्धनला आयुष्यात दोनच गोष्टी सुंदर वाटल्या, पहाटेचा उमललेला निशिगंध आणि जानरावचा लेट कट. हे तो बायकोलाही सांगायचा, आणि तीही बिचारी ऐकून घ्यायची.

मग अठ्ठ्याऐंशी सालची फायनल आली.

लीगचा रिवाज असा की अंपायर बॅटिंग करणाऱ्या टीमनेच द्यायचे. बाहेरून अंपायर आणतो कोण, आणि त्याला जेवू कोण घालतो? जे आऊट होऊन बसले असतील त्यांनी पांढरा कोट अंगात चढवायचा आणि उभं राहायचं. त्यामुळे आपल्याच माणसाला आऊट देणारा अंपायर या लीगमध्ये वर्षातून एखादा निघे, आणि निघाला की परतीच्या गाडीत त्याला कुणी जागा देत नसे.

फायनल याच मैदानावर, याच मोर्णा क्लबाशी होती. नवयुवकला जिंकायला तीन धावा हव्या होत्या आणि शेवटची जोडी खेळत होती. जानराव सेहेचाळीसवर. समोर श्रावण, ज्याला बॅटची पुढची बाजू कोणती हेच दर वेळी विचारावं लागे. नागपूरहून निवड समितीचे एक गृहस्थ येऊन खुर्चीवर बसले होते आणि जानरावचं नाव त्यांच्या वहीत आहे, ही बातमी सकाळीच सगळीकडे झाली होती. गोवर्धन आपला आऊट होऊन अंपायरच्या कोटात उभा. आणि गोवर्धन कोण? क्लबचा दहा वर्षांचा विकेटकीपर.

बॉल ऑफ स्टंपच्या बाहेर पडला. जानरावची बॅट गेली. टिक असा बारीक आवाज आला आणि बॉल अकोल्याच्या मनोजच्या ग्लोव्हजमध्ये जाऊन बसला. कीपर मनोज गप्प. बॉलर गप्प. बॅट मॅटला घासली असं त्यांना वाटलं, मॅटवर असे आवाज येतच असत. आणि गोवर्धन, अंगात अंपायरचा कोट, दोन्ही हात वर करून घसा फाडून ओरडला, "हाऊज दॅट!"

दहा वर्षांची सवय ती. टिक ऐकू आलं की हात वर. आपण स्टंपच्या मागे आहोत की बॉलरच्या बाजूला, अंगात कोट कसला आहे, समोरचा माणूस आपला की परका, कशाचा म्हणून विचार नाही. मैदान घटकाभर गार पडलं. मग अकोल्याच्या अकराही जणांना एकदम कंठ फुटला. गोवर्धनचे हात अजून वरच होते. एक त्याने खाली घेतला, दुसऱ्याचं बोट तसंच राहू दिलं. आवाज त्याने ऐकला होता. ऐकलेलं नाही कसं म्हणायचं? त्याने वळून पाहिलं तेव्हा जानराव मान खाली घालून तंबूच्या वाटेवर होता.

लीगचा दुसरा रिवाज, हरलेल्या टीमने मॅट उचलायची. त्या संध्याकाळी नवयुवकचे सगळे खेळाडू तडक स्टेशनवर निघून गेले. चोवीसच्या चोवीस खिळे गोवर्धनने एकट्याने उपटले.

निवडीच्या यादीत जानरावचं नाव आलं नाही. महिन्याभरात तो अकोल्याला कृषी विद्यापीठात नोकरीवर रुजू झाला, जठारपेठेत राहायला गेला. भांडण झालं असतं तर एक वेळ बरं. भांडण झालंच नाही. कुणाच्या तरी लग्नात भेटायचे, "बरं हाय ना?" "बरं हाय," आणि दोघं दोन पंगतींना बसायचे. गोवर्धनला मात्र तो आवाज सोडेना. बॅटचाच होता ना? की मॅटचा? मॅटचा असेल तर आपण आपल्या मित्राचा खेळ उगाच संपवला, आणि तोही कुणी न मागता. हे एकदा जानरावला तोंडावर विचारायचं आणि त्याचे पाय धरायचे, एवढ्यासाठी तो अकोल्याला आला होता. उत्तर काहीही येवो.

जानराव तंबूत पॅड बांधत बसला होता. केस गेलेले, पोट सुटलेलं, मनगटं मात्र तीच.

"कसा हायेस बे?" जानराव म्हणाला.

"बरा हाय. तू?"

"बराच हाय."

झालं, संपलं बोलणं. गोवर्धनने घरून घोकून आणलेलं वाक्य घशातच राहिलं. तो बाजूला जाऊन डबा उघडून बसला आणि भूक नसताना खात राहिला.

अकोल्याने पंच्याऐंशी केल्या. नवयुवकची बॅटिंग आली, तसा माइक पुन्हा सुरू झाला. "कोट अपील गोवर्धनलेच द्या हो! लोकं त्याच्यासाठीच आले हायेत!"

"मी उभा राहत नाही," गोवर्धन म्हणाला. त्याचा आवाज जरा चढलाच. तंबूतले लोक वरमले.

तेवढ्यात जानराव उठला. खुंटीवरचा पांढरा कोट काढून त्याने गोवर्धनच्या मांडीवर ठेवला. "घाल. मी खेळाले जातो तवा तूच उभा राय."

का, ते त्याने सांगितलं नाही. गोवर्धनने कोट घातला. दोन्ही हात खिशात खोल खुपसले आणि मनाशी ठरवलं, आभाळ कोसळलं तरी हे हात बाहेर यायचे नाहीत.

जानराव खेळायला लागला आणि मैदानावरची कुजबूज थांबली. पळणं नव्हतं, रनर पळत होता. पण चौथ्याच बॉलला त्याने लेट कट मारला आणि गोवर्धनच्या अंगावर काटा आला. तोच तो. बॉल सीमेवर पोचल्यावर लोकांना कळलं. पुढे तोंडाने बॉल मोजायचे सोडून अंपायरच्या डोळ्यांना नुसती धार लागली होती, आणि सातवा बॉल टाकून झाल्यावर बॉलरनेच त्याला सांगितलं की ओव्हर कधीच संपली.

सतरावर असताना बॉल ऑफ स्टंपच्या बाहेर पडला. जानरावची बॅट गेली. टिक.

खिशातल्या मुठी गच्च आवळल्या गेल्या. मनोज आजही कीपर होता, पण त्याच्या कानातलं मशीन तो घरी ठेवून आला होता. तो गप्प. बॉलर गप्प. कुणी म्हणता कुणी अपील केलं नाही.

पण गोवर्धन या वेळी मनोजच्या ग्लोव्हजकडे बघतच नव्हता. मॅच सुरू झाल्यापासून त्याची नजर जानराववरून हलली नव्हती. म्हणून त्याला दिसलं. टिक झालं आणि त्याच दमात बॅट जानरावच्या काखेत गेली. बॉल मनोजच्या हातात नीट बसायच्या आत त्याचं पहिलं पाऊल पडलं होतं. ना अंपायरकडे बघणं, ना कीपरकडे. लागला, निघाला.

तंबू बॉलरच्या मागच्या बाजूला होता. जानराव जवळून जाताना गोवर्धन म्हणाला, "कोनं अपीलच नाही केलं बे."

"लागला ना."

"जान्या." गोवर्धनने विचारलं, "त्या दिवशी?"

जानराव थांबला. मॅटकडे बघत म्हणाला, "मॅच संपू दे. मंग बोलू."

नवयुवक नऊ धावांनी हरलं. रिवाजाप्रमाणे मॅट त्यांनीच उचलायची होती. बाकीचे चहाकडे पांगले, हे दोघं मात्र घण आणि पहार घेऊन मॅटच्या कडेला गुडघे टेकून बसले. गोवर्धनने पहिला खिळा उपटला.

"त्या दिवशीबी तू असाच निघाला होतास."

"हव."

"माह्या वरडन्याच्या आधी."

"तू वरडला तवा मी क्रीजच्या दोन पावलं बाहेर होतो. तुहं ध्यान मनोजच्या हाताकडे होतं. अन् तू वरडल्यावर सगळेच तुह्याकडे पाहू लागले. माह्याकडे कोनीच नाही पाह्यलं."

म्हणजे बॉल बॅटलाच लागला होता. छत्तीस वर्षं ज्या उत्तरासाठी गोवर्धन झुरला, ते हे होतं. बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. डोक्यात भलतंच काही चढत गेलं.

"अन् तू बोलला नाहीस?"

जानराव पहारीच्या टोकाने माती उकरत राहिला. "विद्यापीठाची ऑर्डर मले फायनलच्या आठ दिवस आधी आली होती. क्लबातले टोमने मारूनच राहिले होते, जानराव अकोल्याचा झाला म्हनून. तीन रना पाहिजे असताना, कोनी अपील केलं नसताना मी सोताहून निघालो, हे कयलं असतं त लोकं काय म्हनले असते? यानं मॅच अकोल्याले देऊन टाकली. अन् मी आमच्या वस्तीतून क्लबात आलेला पयला पोरगा होतो. माह्यामांगं चार पोरं नेटवर येऊन राहिले होते. माह्या नावाले डाग लागला असता त त्यायले कोनं घेतलं असतं? तू वरडला अन् मले वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी सांगीन म्हनलं. मंग दुसरा दिवस लय लांब गेला."

गोवर्धनने हातातला खिळा फेकला. "माहा बाप मेला तवा लोकं काय म्हने, मालूम हाये तुले? अपील गोवर्धनचा बाप गेला. अन् तू मयतीले येऊन मांगं उभा राहून निघून गेला. मले वाटे, हा माह्यावर रागावून हाये, याले माहं थोबाड पाह्याचं नाही. तुह्या पोरीच्या, प्रियदर्शनीच्या लग्नाले मी निशिगंधाचे हार केले होते. माह्या हातानं. नवरा-नवरीचे दोनी. डब्यात घालून बसस्टँडवर गेलो अन् तीन गाड्या सोडून वापस आलो. पार्बतानं थे हार दुकानात टांगले, आठ दिवस कोनाले हात नाही लावू देला."

जानरावने पहार खाली ठेवली. मग म्हणाला, "मी पत्रिका डाकेनं धाडली. तुह्या दारी उभं राह्याची हिंमत नव्हती माही. मी मांडवात तुही वाट पायली, अन् तू आला नाहीस त बरं वाटलं. असा मानूस हाये मी."

गोवर्धनला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. आणि तेवढंच जवळ घ्यावंसंही वाटलं. त्याने दोन्ही केलं नाही, पुढचा खिळा उपटला. जानराव पलीकडच्या कडेचे उपटत होता. दोघांनी मिळून चोवीस खिळे काढले, मॅट दोन्ही टोकांनी धरून गुंडाळली. गुंडाळताना दोघांचे हात पूर्वीसारखेच आपोआप जुळत गेले, याचा गोवर्धनला आणखी राग आला.

"प्रियदर्शनी आली हाये माहेरी," जानराव म्हणाला. "जेवाले चाल घरी."

"मी येत नाही."

माइक खरखरला. बक्षिसं सुरू झाली होती. कुलदीपने ट्रॉफी मोर्णा क्लबला दिली आणि मग ठेवणीतला आवाज काढला. "आता शेवटचा सत्कार! मॅटच्या जमान्यातला सगळ्यात मोठा किस्सा ज्यायनं घडवला, आपल्याच मानसाविरुद्ध अपील करनारे जगातले एकमेव अंपायर..."

लोक आधीच हसायला लागले होते. गोवर्धन शेवटचा खिळा हातात धरून मॅटच्या गुंडाळीशी उभा राहिला. त्याच्या शेजारून जानराव निघाला. पॅड तसेच, फटक-फटक करत तो मंडपात शिरला आणि कुलदीपच्या हातातून त्याने माइक घेतला.

"राजेहो, हा किस्सा अर्धा हाये," तो म्हणाला. "मी सोताहून चाललो होतो. गोवर्धनच्या अपीलच्या आधी. बॉल लागला होता, मी निघालो होतो. हे मी कोनालेच सांगतलं नाही, कारन मी भेलो. गोवर्धननं छत्तीस वर्षं माह्या वाटच्या शिव्या खाल्ल्या, अन् मी इथं अकोल्यात बसून खाऊ देल्ल्या."

हसणं विरलं. म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. श्रावणने डोक्यावरची टोपी काढली. मनोज शेजाऱ्याला विचारत होता, काय म्हनला, काय म्हनला, आणि शेजारी त्याला काही सांगत नव्हता. माइक गेलेला कुलदीप हळूच मागच्या खुर्चीवर जाऊन बसला.

जानराव गोवर्धनकडे वळला. माइक त्याने खाली केला होता, तरी सगळ्यांना ऐकू आलं.

"अंपायर," तो म्हणाला, "हाऊज दॅट?"

कोट अजून गोवर्धनच्या अंगातच होता. सगळं मैदान त्याच्याकडे बघत होतं, त्या दिवशी बघत होतं तसंच. त्याने खिळा खिशात टाकला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्याने पुसलं नाही. मग उजवा हात सरळ वर गेला आणि बोट उभं राहिलं.

"आऊट!" तो घसा फाडून ओरडला. "आऊट हायेस लेका! अन् चाल आता घरी, भूक लागली मले!"

मंडप हास्याने फुटला. जानरावने हातात नसलेली बॅट काखेत मारली आणि निघाला, थेट गोवर्धनच्या दिशेने. या वेळी पहिल्या पावलापासून गोवर्धन त्याच्याकडेच बघत होता.